अ‍ॅसिटिलकोलीन असताना अ‍ॅड्रिनलला पेप्टाइडं कशाला लागतात?

लिंबूटिंबू

पाठ्यपुस्तकातलं चित्र सुटसुटीत आहे. ताण आला की स्प्लँक्निक मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन सोडतो, ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, असलेल्या क्रोमॅफिन पेशीच्या निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं, कॅल्शियम आत शिरतं आणि अ‍ॅड्रिनॅलिनच्या कणिका रिकाम्या होतात. अ‍ॅसिटिलकोलीनचं काम फेल्डबर्ग, मिंझ आणि त्सुद्झिमुरा यांनी 1934 मध्ये दाखवलं. कॅल्शियमची बाजू डग्लस आणि रुबिन यांनी 1961 मध्ये पक्की केली. एवढ्यात गोष्ट पूर्ण होते.

बाहेरच्या थराचं, कॉर्टेक्सचं, समजू शकतो. तिथे मालकच पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आहे. हायपोथॅलॅमसचं सीआरएच (41 अमिनो आम्लं), त्यामागून पिट्युटरीचं एसीटीएच (39) आणि शेवटी कॉर्टिसॉल. पण मेड्युलाबद्दल वाचायला घेतलं की पॅकॅप, व्हीआयपी, सबस्टन्स पी, एनकेफॅलिन, अँजिओटेन्सिन, कॅटेस्टॅटिन अशी पेप्टाइडांची रांगच लागते. प्रत्येकाचं ‘पेट्रीडिशमध्ये टाकलं, स्राव बदलला’ असं असतं.

माझं मत: यातली बरीचशी पेप्टाइडं ताटातलं लोणचं आहेत. असली तर बरं, नसली तरी जेवण होतं. खोडून काढा. आणि प्रयोगात हे स्वच्छपणे कसं दाखवायचं तेही लिहा. दवाखान्याच्या बाजूचं कोणी असेल तर उत्तम.

क्रोमॅफिन_काका

बाकीच्यांचं राहू द्या, पॅकॅपला लोणचं म्हणता येणार नाही.

पॅकॅप 1989 मध्ये अरिमुरांच्या गटाला मेंढीच्या हायपोथॅलॅमसमध्ये सापडलं. 38 आणि 27 अमिनो आम्लांची दोन रूपं. पुढे ते स्प्लँक्निकच्या टोकांत अ‍ॅसिटिलकोलीनच्या शेजारीच दिसलं. कळीचा पुरावा 2002 चा आहे: पॅकॅपचा जनुक काढलेल्या उंदरांना इन्सुलिन देऊन साखर पाडली. सामान्य उंदीर सावरतात, हे मरतात. कारण लांबलेल्या हायपोग्लायसेमियात त्यांचा अ‍ॅड्रिनॅलिनचा स्राव टिकत नाही. मज्जातंतू शाबूत, अ‍ॅसिटिलकोलीन शाबूत, कणिका भरलेल्या. तरी काम होत नाही.

निकोटिनिक रिसेप्टर सतत उघडायला लावला की तो थकतो, म्हणजे डिसेन्सिटाइज होतो. पॅकॅपचा पीएसी1 रिसेप्टर वेगळ्या वाटेने जातो: जीएस प्रथिनामार्गे सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू), शिवाय फॉस्फोलायपेज सी. उंदराच्या ग्रंथीच्या कापांत त्याने टी-प्रकारची कॅल्शियम चॅनलं कामाला लागतात आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियल नसतानाही स्राव चालू राहतो. वरून अ‍ॅड्रिनॅलिन बनवण्यातलं एन्झाइम टायरोसिन हायड्रॉक्सिलेज वाढतं, म्हणजे खर्चलेला माल पुन्हा भरला जातो. अ‍ॅसिटिलकोलीन मिनिटांचं काम करतं, तासांचं काम पॅकॅपचं.

खारीबिस्किट

लोणच्याशिवाय उंदीर मेला. धागा इथेच मिटवायला हरकत नाही :)

उलटतपासणी

थोडं थांबा. ‘कमी वारंवारतेला अ‍ॅसिटिलकोलीन, जास्तीला पॅकॅप’ हे आता सगळे ठोकून सांगतात. पण 1980 च्या दशकात रॅटच्या पर्फ्यूज केलेल्या (आतून द्रव वाहता ठेवलेल्या) ग्रंथीवर झालेल्या प्रयोगांत नेमकं उलट लिहिलेलं सापडतं: अ‍ॅसिटिलकोलीनव्यतिरिक्तचा घटक मंद उद्दीपनात जास्त उठून दिसला. तेव्हा संशय व्हीआयपीवर होता. मग आता एवढी खात्री कशी?

दुसरं म्हणजे पॅकॅप काढलेला उंदीर जन्मापासून तसा आहे. त्याच्या हायपोथॅलॅमसमध्येही पॅकॅप नाही. ताण दिल्यावर त्याचं कॉर्टिकोस्टेरॉनही कमी वाढतं. मग दोष ग्रंथीतल्या सायनॅप्सचा की वरच्या मजल्यावरचा?

क्रोमॅफिन_काका

@उलटतपासणी, दोन्ही मुद्दे रास्त.

वारंवारतेचं: प्राणी वेगळा, तयारी वेगळी. पर्फ्यूज केलेल्या अख्ख्या ग्रंथीत बाहेर पडणाऱ्या द्रवातलं एकूण कॅटेकोलामाइन (अ‍ॅड्रिनॅलिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वगैरे) मोजतात. कापात एकेका पेशीवर इलेक्ट्रोड असतो. शांत अवस्थेत स्प्लँक्निकचा वेग अर्धा हर्ट्झच्या आसपास धरतात, तणावात 10-15 हर्ट्झ. घनकणिकांतली पेप्टाइडं बाहेर पडायला टोकात कॅल्शियम साचावं लागतं, म्हणून वेगवान फैरी लागतात, हे पेप्टाइड सोडणाऱ्या बहुतेक मज्जातंतूंना लागू आहे. रॅटचे जुने निकाल मी खोटे म्हणणार नाही, पण उंदराच्या कापांत आणि जिवंत उंदरांत जास्त वेगाची बाजू पुन्हा पुन्हा दिसली आहे.

वरच्या मजल्याचं: म्हणून तर काप महत्त्वाचा. कापात हायपोथॅलॅमस नसतोच. आणि हो, पॅकॅप दोन्हीकडे काम करतं. वर सीआरएच न्यूरॉनवर, खाली मेड्युलावर. म्हणजे ते एका ठिकाणचा दूत नसून अख्ख्या ताण-मार्गावर बसलेलं आहे. याने लिंबूटिंबूंचं मत आणखीच पडतं.

सायनॅप्सवाली

सबस्टन्स पी विसरू नका. नुसतं टाकलं तर काही करत नाही. निकोटिनबरोबर टाकलं तर सुरुवातीचा स्राव कमी करतं. पण निकोटिन आधी बराच वेळ देऊन रिसेप्टर थकवले असतील, तर सबस्टन्स पी सोबत ठेवलेल्या पेशी नंतरच्या निकोटिनला जास्त प्रतिसाद देतात. एकच रेणू ब्रेकही आणि संरक्षणही. फक्त पाच मिनिटांचं एकच मोजमाप घेणाऱ्याला तो केवळ ‘अवरोधक’ वाटतो.

लिंबूटिंबू

पॅकॅपपुरती माघार. आता हे करून बघायचं तर कसं? पीसी12 पेशी चालतील?

पिपेटवाली

पीसी12 ही रॅटच्या फिओक्रोमोसायटोमाची (मेड्युलातल्या गाठीची) पेशीमालिका (1976). सोपी आहे, पण त्यात मुख्यतः डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मिळतं. अ‍ॅड्रिनॅलिन जवळपास नाही, कारण ते बनवणारं पीएनएमटी एन्झाइमच नगण्य. ते एन्झाइम कॉर्टेक्समधून आत झिरपणाऱ्या ग्लुकोकॉर्टिकॉइडवर जगतं. म्हणून खऱ्या ग्रंथीतल्या पेशी घ्या.

जगभर गाईबैलाची ग्रंथी वापरतात. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर गाय, बैल, वळू यांची कत्तल बंद आहे, त्यामुळे परवानाधारक कत्तलखान्यातून म्हशीची ग्रंथी. कृती तीच, फक्त पचनाची वेळ डोळ्यांनी ठरवावी लागते.

ग्रंथी बर्फावर, कॅल्शियमविरहित लॉक द्रावणात आणायच्या: सोडियम क्लोराइड 154, पोटॅशियम क्लोराइड 5.6, बायकार्बोनेट 3.6, ग्लुकोज 5.6, हेपीस 5 (सगळं मिलिमोलर), पीएच 7.4. चरबी काढताना वरचं आवरण फाडू नका, नाहीतर पुढे एन्झाइम गळतं. अ‍ॅड्रिनल शिरेत कॅन्युला घालून रक्त धुऊन काढायचं, मग त्याच शिरेतून 0.2 टक्के कोलॅजिनेज भरून 37 अंशांना 15 मिनिटं. पुन्हा एकदा तेच. ग्रंथी बोटाला लोण्यासारखी मऊ लागली की उघडायची. पिवळट तपकिरी कॉर्टेक्स बाजूला, आतला फिकट मेड्युला खरवडून घ्यायचा, नायलॉनच्या जाळीतून गाळून पर्कोल ग्रेडियंटवर पेशी वेगळ्या करायच्या. संवर्धनात फायब्रोब्लास्ट माजू नयेत म्हणून सायटोसिन अरॅबिनोसाइड 10 मायक्रोमोलर. तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात प्रयोग उरकायचे.

पेशी खऱ्या आहेत का, हे न्यूट्रल रेडने कळतं. कणिकांचं आतलं पीएच साडेपाचच्या आसपास असल्यामुळे क्रोमॅफिन पेशी लाल होतात. निम्म्या पेशी रंगल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, कॉर्टेक्स मिसळलाय.

लॉकमध्ये चुकून कॅल्शियम राहिलं तर पेशींचे गोळे होतात. कोलॅजिनेज जास्त वेळ राहिलं तर पेशी जगतात, पण पृष्ठभागावरचे रिसेप्टर खरवडले जातात. मग निकोटिनला प्रतिसाद कमी आणि पोटॅशियमला उत्तम, असा निकाल येतो आणि लोक पेप्टाइडला दोष देतात.

उलटतपासणी

आणि कंट्रोल?

पिपेटवाली

किमान चार विहिरी-गट: नुसतं बफर, निकोटिन 10 मायक्रोमोलर, पॅकॅप 100 नॅनोमोलर, पोटॅशियम 55 मिलिमोलर. पोटॅशियम वाढवाल तेवढं सोडियम कमी करा (इथे साधारण 105 वर), नाहीतर ऑस्मोलॅरिटीचा परिणाम मोजून बसाल. या बफरमध्ये मात्र कॅल्शियम 2.2 मिलिमोलर हवंच.

निकोटिन पाच मिनिटं पुरे. पॅकॅपला किमान वीस-तीस मिनिटं द्या. दोन मिनिटांनी नळी बंद करून ‘परिणाम नाही’ लिहिणं ही नेहमीची घाई.

पॅकॅपच्या जागी त्याच प्रमाणात व्हीआयपी देऊन बघा. पीएसी1ला व्हीआयपी फार कमी चिकटतं, व्हीपीएसी रिसेप्टरना दोन्ही सारखीच. पॅकॅप चाललं आणि व्हीआयपी नाही, तर पीएसी1. फक्त पॅकॅप 6-38 या अवरोधकावर विसंबू नका, तो व्हीपीएसी2ही अडवतो.

स्राव टक्क्यांत काढा: बाहेरचं ÷ (बाहेरचं + पेशीत उरलेलं) × 100. नुसतं नॅनोग्रॅम लिहिलं तर विहिरीत पेशी कमी-जास्त असल्याचा घोळ लपतो. नमुना लगेच 0.1 मोलर पर्क्लोरिक आम्लात, बर्फावर. उदासीन द्रावणात ठेवलेलं कॅटेकोलामाइन तपकिरी होत जातं आणि एचपीएलसीला (मोजणाऱ्या यंत्राला) काही उरत नाही.

सायनॅप्सवाली

पेप्टाइडच्या कुपीबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि निम्मे प्रयोग तिथेच फसतात.

लेबलवर 1 मिलिग्रॅम असतं ते एकूण वजन. त्यात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटचं मीठ आणि ओलावा धरलेला असतो. विश्लेषणपत्रावर निव्वळ पेप्टाइड 75 टक्के असेल तर पॅकॅप-38चे (रेणुभार सुमारे 4534) तुम्ही 220 नॅनोमोल धरता आणि हाती 165 असतात. चौथा हिस्सा गायब.

दुसरं, ही पेप्टाइडं धनभारित आणि चिकट. नॅनोमोलर द्रावण साध्या प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या नळीत ठेवलं की भिंतीला लागून बसतं. कमी चिकटणाऱ्या नळ्या घ्या, पातळ द्रावणात 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. (पर्क्लोरिक आम्लात बीएसए खाली बसतो, सेंट्रिफ्यूज करून घ्या, नाहीतर कॉलम तुंबतो.) साठ्याचं द्रावण 100 मायक्रोमोलर करून छोट्या छोट्या वाटण्या -80 ला ठेवा. वाटणी एकदा वितळली की पुन्हा गोठवायची नाही. पॅकॅपमध्ये 17 व्या जागी आणि एसीटीएचमध्ये 4थ्या जागी मेथिओनिन आहे, ते ऑक्सिडाइज होतं. एसीटीएचची तर मग ताकदच जाते.

रसायनीकर

अख्खी ग्रंथी पर्फ्यूज करणाऱ्यांसाठी एक काटा. पॅकॅप आणि कॅटेस्टॅटिन दोन्ही मास्ट पेशींतून हिस्टॅमिन बाहेर काढतात. क्रोमॅफिन पेशीवर एच1 रिसेप्टर असतात, हिस्टॅमिन स्वतःच अ‍ॅड्रिनॅलिन सोडवतं. त्यामुळे एच1 अडवणारं मेपिरामिन घातलेला एक गट ठेवा, नाहीतर मास्ट पेशीचं श्रेय पॅकॅपला जाईल.

खारीबिस्किट

म्हणजे इथेही मध्यस्थाशिवाय काम होत नाही.

क्रोमॅफिन_काका

कॅटेस्टॅटिनचं नाव निघालंच आहे तर. कणिकेत कॅटेकोलामाइन आणि एटीपीबरोबर क्रोमोग्रॅनिन ए नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. त्याचा एक तुकडा, माणसात 352 ते 372, म्हणजे 21 अमिनो आम्लं, हे कॅटेस्टॅटिन. 1997 मध्ये सुशील महाता आणि सहकाऱ्यांनी सॅन डिएगोत दाखवलं की ते निकोटिनिक रिसेप्टरला अडवतं, आणि तेही निकोटिनशी जागेसाठी न भांडता. म्हणून निकोटिन वाढवून अडथळा हटत नाही. पोटॅशियमने होणारा स्राव मात्र तसाच राहतो. पिपेटवालींच्या चौथ्या गटाचा उपयोग इथे कळतो. माल बाहेर टाकताना सोबतच ब्रेक बाहेर टाकायचा, अशी ही व्यवस्था.

भारताशी थेट संबंध: 364 व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन असलेलं रूप. चेन्नईच्या आयआयटीतल्या गटाने 2016 मध्ये भारतीय लोकसंख्येत ते रूप असणाऱ्यांना उच्च रक्तदाबाची जोखीम जास्त असल्याचं दाखवलं.

उलटतपासणी

आणि आधीच्या अमेरिकन अभ्यासात (2007) त्याच सेरिनवाल्यांचा डायस्टॉलिक दाब कमी होता. एकच अक्षर, दोन खंडांत दोन निकाल. ‘ब्रेक’ म्हणून मोकळं होण्याआधी हे सांगायला हवं.

क्रोमॅफिन_काका

सांगायलाच हवं. कॅटेस्टॅटिन रक्तवाहिन्यांवर नायट्रिक ऑक्साइडमार्फतही काम करतं, त्यामुळे रक्तदाब हा अ‍ॅड्रिनलचा शुद्ध मापक नाहीच. पेशीतला निकाल पक्का, माणसातला अजून वादात.

वॉर्डातून

दवाखान्याची बाजू. इथे रोजचं पेप्टाइड म्हणजे एसीटीएच, आणि ग्रंथीचा भाग म्हणजे कॉर्टेक्स. मेड्युलाशी मोठा फरक असा की कॉर्टिसॉलचा साठा नसतो. एसीटीएच एमसी2 रिसेप्टरवर बसतं (एमआरएपी हे सोबती प्रथिन नसेल तर रिसेप्टर पृष्ठभागावर येतच नाही), सायक्लिक एएमपी वाढतं, स्टार प्रथिन कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियात ढकलतं आणि तिथून पुढे कॉर्टिसॉल तयार होऊ लागतं. म्हणून चाचणीत अर्धा तास, तास थांबावं लागतं.

बाहेरच्या देशांत एसीटीएचचा पहिल्या 24 अमिनो आम्लांचा तुकडा, टेट्राकोसॅक्टाइड, 250 मायक्रोग्रॅम देऊन 0, 30 आणि 60 मिनिटांना कॉर्टिसॉल पाहतात. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम: डुकराचं एसीटीएच, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये, 60 युनिट प्रति मिली. साधारण 25 ते 30 युनिट, म्हणजे जवळपास अर्धा मिली, स्नायूत. नमुने 60 आणि 120 मिनिटांना. पहिली 24 अमिनो आम्लं सस्तन प्राण्यांत सारखीच असल्याने डुकराचं चालतं. इन्सुलिन सिरिंजने भरताना युनिटांचा घोळ होतो, कारण त्या सिरिंजवरच्या खुणा 40 किंवा 100 युनिट प्रति मिलीच्या आहेत, 60 च्या नाहीत. मिलीवर मोजा.

जुना उंबरठा 18 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. नव्या, जास्त नेमक्या चाचणीसंचांत तो 14-15 पर्यंत खाली येतो. संच कोणता हे न विचारता 16 ला ‘नापास’ करून रुग्णाला जन्मभराचं स्टेरॉइड लावू नये.

वॉर्डातून

राहिलेलं. एसीटीएच रक्तात मोजायचं तर सकाळी आठच्या सुमाराला, ईडीटीए असलेल्या प्लॅस्टिकच्या थंड नळीत, बर्फावर, आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये लगेच. रक्तातली एन्झाइमं ते तोडतात. खोलीच्या तापमानाला दोन तास पडलेल्या नळीतलं ‘कमी एसीटीएच’ म्हणजे पिट्युटरीचा आजार नव्हे, पोचवणाऱ्याचा उशीर.

पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चार-सहा आठवड्यांत एसीटीएच टोचून केलेली चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. अ‍ॅड्रिनल अजून सुकलेली नसते, बाहेरून एसीटीएच मिळालं की ती काम करून दाखवते.

नस्तं_कुतूहल

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचे रिपोर्ट चुकतात म्हणतात, ते इथेही?

वॉर्डातून

हो, आणि दोन हॉर्मोनांत विरुद्ध दिशांनी. स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या संचांत एसीटीएचची चाचणी सँडविच प्रकारची, ती खोटी कमी येते. कॉर्टिसॉलची स्पर्धात्मक, ती खोटी जास्त येते. दोन्ही एकत्र वाचलं तर ग्रंथी आपल्या मर्जीने कॉर्टिसॉल ओततेय असा भास. केसांच्या गोळ्यांत 5-10 मिलिग्रॅम असतं. किमान दोन दिवस बंद ठेवून नमुना घ्या. प्रेडनिसोलोनही कॉर्टिसॉलच्या अनेक संचांत मोजलं जातं. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने वाहक प्रथिन वाढतं, एकूण कॉर्टिसॉल फुगतं.

आणि ‘सांधेदुखीची पुडी’ घेता का, हे प्रत्येकाला विचारा. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन मिसळलेलं सापडतं. त्याने एसीटीएच दबतं, ग्रंथी सुकते, आणि पुडी अचानक बंद केली की रुग्ण कोसळतो.

बोरूबहाद्दर

‘अ‍ॅड्रिनल फटीग’साठी पेप्टाइडच्या कॅप्सूल विकतात त्यांचं काय? चुलतभाऊ महिन्याला चांगले पैसे घालवतोय.

सायनॅप्सवाली

तोंडावाटे घेतलेलं एसीटीएच किंवा पॅकॅप पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. तेवढ्यासाठी मुगाची उसळ स्वस्त पडेल. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे निदान एंडोक्राइन सोसायटी मानत नाही.

वॉर्डातून

पचण्यावर भागलं तर नशीब. अमेरिकेत 12 अ‍ॅड्रिनल पूरकं तपासून 2018 मध्ये निष्कर्ष छापले: सगळ्यांत थायरॉइडचं टी3 सापडलं, बऱ्याच पूरकांत स्टेरॉइडही. चुलतभावाने एकदम बंद न करता आधी सकाळचं कॉर्टिसॉल आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

रसायनीकर

ग्लुकॅगॉनबद्दल कोणी लिहिलं नाही. साखर पडल्यावर द्यायचं ते 29 अमिनो आम्लांचं पेप्टाइड. फिओक्रोमोसायटोमा असलेल्यात ते गाठीतून कॅटेकोलामाइनचा लोंढा सोडू शकतं. कधीकाळी याच गुणावर निदानाची चाचणी होती, आता ती धोक्याची म्हणून बंद. असा रुग्ण असेल तर ग्लुकॅगॉन निषिद्ध.

उलटतपासणी

मूळ प्रश्नाकडे. एकट्या पेशीत मला अजून एक गोष्ट हवी आहे: पॅकॅपने जास्त कणिका फुटतात की प्रत्येक कणिकेतून जास्त माल येतो? विहिरीतल्या टक्क्यांवरून हे कळणार नाही.

पिपेटवाली

त्यासाठी अँपेरोमेट्री. 5 मायक्रॉनचा कार्बन तंतू पेशीला टेकवून +700 मिलिव्होल्टला ठेवायचा. प्रत्येक कणिका फुटली की एक टोकदार शिखर. शिखरांची संख्या म्हणजे घटना, शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे भार. एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले तर 1 पिकोकूलॉम म्हणजे सुमारे 31 लाख रेणू.

बाथमध्ये अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालू नका, तेही त्याच व्होल्टला ऑक्सिडाइज होऊन पाया वर चढवतं. तंतू वापरता वापरता मळतो आणि शिखरं बुटकी दिसू लागतात. म्हणून प्रत्येक पेशीआधी आणि नंतर ज्ञात प्रमाणाचं डोपामाइन देऊन तपासा. नाहीतर तंतू मळल्याने ‘भार कमी झाला’ आणि छापलं मात्र पेप्टाइडच्या नावावर.

लिंबूटिंबू

लोणच्याचा शब्द पॅकॅप आणि कॅटेस्टॅटिनपुरता मागे. एनकेफॅलिन आणि व्हीआयपीबद्दल तो अजून उभा आहे, कोणाला खोडायचा असेल तर खोडा. तोवर एक शेवटचं: हेक्सामेथोनियम देऊन निकोटिनिक रिसेप्टर बंद केले आणि मज्जातंतूला जलद उद्दीपन दिलं, तर उरणारा सगळा स्राव पॅकॅपचा धरायचा का?

क्रोमॅफिन_काका

नाही. अ‍ॅसिटिलकोलीनचेच मस्कारिनिक रिसेप्टर उरतात. ते बंद करायला अ‍ॅट्रोपिनही घाला. दोन्ही दिल्यावर जे उरेल, त्यावर पॅकॅप 6-38 चालवून बघा. आणि ग्रंथी अख्खी असेल तर रसायनीकरांचं मेपिरामिन.

पिपेटवाली

आणि हे सगळं एकाच ग्रंथीवर लागोपाठ करू नका. प्रत्येक उद्दीपनानंतर स्राव आपोआप घसरतो. पहिल्या आणि दुसऱ्या उद्दीपनाचं गुणोत्तर (एस2/एस1) औषध न दिलेल्या ग्रंथीत आधी काढून ठेवा, मगच तुलना.